कोंबड्यांचे पंडित विल्यम बेटसन

सकाळीं खुराड्याचें दार उघडल्याबरोबर बाहेर पडणारा कोंबड्यांचा घोळका आपण सर्वांनींच पाहिलेला असतो; परंतु त्या घोळक्यांतील प्रत्येक कोंबडी निराळी कां, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. एकीचा पिसारा काळाकुळकुळीत, दुसरीचा तांबूस, तिसरी कबरी. एखादीची मान अगदीं उघडी, तर एखादीचीं पिसें उलट वळलेलीं, जणूं वादळांत सांपडून आली आहे. आईबाप दोघेही साधे असतांना असें चमत्कारिक पिलूं अंड्यांतून बाहेर आलें, म्हणजे तें कुठल्या तरी जुन्या पिढीवर गेलें असें म्हणून घरांतील वडील माणसें मोकळीं होतात. हें उत्तर चुकीचें नाहीं, पण अपुरें आहे. कोणत्या वाटेनें तें जुन्या पिढीवर गेलें, मधल्या पिढींत तो गुण कोठें दडून बसला होता, आणि अशीं पिलें किती निघावीं याला कांहीं नियम आहे कीं काय, हें त्या उत्तरानें कळत नाहीं. हा हिशेब ज्यांनीं खुराड्यांत बसून मांडला आणि ज्यांनीं त्या विद्येला तिचें आजचें नांव दिलें, त्या विल्यम बेटसन यांचें चरित्र वाचकांस सादर करीत आहों.

इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांत व्हिट्बी नांवाचें समुद्रकांठचें गांव आहे. तेथें ८ ऑगस्ट १८६१ रोजीं बेटसन यांचा जन्म झाला. वडील केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख होते. घर विद्वानांचें, बहिणीही तशाच बुद्धिमान. मेरी बेटसन ही पुढें नामांकित इतिहासकार झाली, आणि ॲना हिनें वनस्पतिशास्त्रांत काम केलें. अशा घरांतील मुलानें शाळेंत चमकावें अशी अपेक्षा असणारच. पण रग्बी येथील प्रसिद्ध शाळेंत विल्यमची कीर्ति उलटी होती. या मुलाला कांहीं ध्येय नाहीं, हा कशांतच नीट लक्ष घालीत नाहीं, असें शिक्षकांचें मत होतें. केंब्रिजला सृष्टिशास्त्रें शिकावयास मिळतांच मात्र तोच मुलगा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला. गणित तेवढें त्यांस जन्मभर नडलें, आणि पुढें त्यांचे कडवे विरोधक निघाले तेही नेमके गणिती पद्धतीचे पुरस्कर्ते!

१८८३ व १८८४ या दोन वर्षींच्या उन्हाळ्यांत तरुण बेटसन अमेरिकेंत चेसापीक उपसागराच्या कांठीं राहिले. वाळूंत बिळें करून राहणारा बॅलनोग्लॉसस नांवाचा एक गांडुळासारखा प्राणी आहे. त्याच्या बाल्यावस्थेचा अभ्यास करून, तो दिसावयास किडा असला तरी त्याचें नातें पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांशीं आहे, असें त्यांनीं दाखविलें. या कामानें त्यांचें नांव झालें व १८८५ मध्यें त्यांस आपल्या कॉलेजची फेलोशिप मिळाली. याच वाटेनें ते चालत राहिले असते तर मानमरातब सुखानें मिळाला असता. पण अमेरिकेंत प्रोफेसर ब्रुक्स यांच्या सहवासांत त्यांच्या मनांत एक निराळाच किडा शिरला होता. डार्विनसाहेबांनीं प्राण्यांतील लहानमोठ्या भेदांवर आपला सारा सिद्धांत उभारला. पण हे भेद उत्पन्न कसे होतात आणि पुढच्या पिढीकडे जातात कसे? याचा शोध प्रत्यक्ष कोणीच घेत नव्हतें.

त्यासाठीं १८८६ मध्यें ते मध्य आशियाच्या माळरानांत गेले. अरल समुद्राच्या आसपासच्या सरोवरांचें पाणी कमीअधिक खारट असतें. त्या खारटपणाप्रमाणें शिंपल्यांचे आकार बदलतात काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. एवढ्या खटाटोपाचें फळ त्यांच्या मनासारखें मिळालें नाहीं. परिस्थितीनें थोडा फरक पडतो, पण सगळा भेद त्यांतून निघत नाहीं, असेंच त्यांस दिसूं लागलें. मग त्यांनीं पदार्थसंग्रहालयें, शेतकरी, कसाई, पक्षी पाळणारे, जेथें जेथें कांहीं विलक्षण प्राणी सांपडेल तेथून माहिती जमविली, आणि १८९४ मध्यें ८८६ उदाहरणांचा एक जाडजूड ग्रंथ छापला. बोटें जास्त असलेलीं जनावरें, मिशीच्या जागीं पाय फुटलेले कीटक, असा सारा मजकूर त्यांत आहे. भेद नेहमींच हळूहळू, तिळातिळानें होतात असें नाहीं; कांहीं भेद एकदम, ठळकपणें उपजतात, हा त्यांचा मुद्दा. तो त्या काळच्या बहुतेक पंडितांस पटला नाहीं, आणि ग्रंथही फारसा खपला नाहीं.

पोटापाण्याचा प्रश्न त्यांनीं कसा सोडविला हें सांगण्याजोगें आहे. विश्वविद्यालयांत त्यांस म्हणण्यासारखी जागा नव्हती. म्हणून सेंट जॉन्स कॉलेजच्या भोजनगृहाचें कारभारीपण त्यांनीं पत्करलें. रोज शेंकडों विद्यार्थ्यांच्या ताटांत काय पडतें याची व्यवस्था पाहणारा हा गृहस्थ रॉयल सोसायटीचा सभासद होता! १८९६ मध्यें बिॲट्रिस डरहॅम यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टर खेड्यांत हें कुटुंब राहूं लागलें, आणि घराभोंवतीं कोंबड्यांचीं कुंपणें उभीं राहिलीं. अंडीं गोळा करणें, प्रत्येक अंड्यावर व पिलावर खूण करणें, कोणाचे आईबाप कोण याची वही लिहिणें, हीं कामें बाई स्वतः करीत. हा संसार आणि ही प्रयोगशाळा यांच्यांत भिंत अशी नव्हतीच.

येथें थोडें मागें जाऊन मेंडेल यांची ओळख करून दिली पाहिजे. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत ब्रुन शहरीं (हल्लीं तें झेक प्रजासत्ताकांत असून त्यास ब्रनो म्हणतात) एका मठांत ग्रेगोर मेंडेल नांवाचे धर्मगुरु होते. मठाच्या बागेंत वाटाण्याचे वेल लावून, उंच वेलाचा ठेंगण्याशीं, पिवळ्या दाण्याचा हिरव्याशीं संकर करून त्यांनीं पिढ्यान्पिढ्यांची मोजदाद केली. दोन विरुद्ध गुणांपैकीं एक पहिल्या पिढींत झांकला जातो, पण नाहींसा होत नाहीं. दुसऱ्या पिढींत चारांपैकीं एका रोपांत तो जसाचा तसा परत येतो, असा त्यांचा निष्कर्ष. १८६६ मध्यें हा निबंध छापला गेला आणि विसरलाही गेला. मेंडेल १८८४ मध्यें वारले. पुढें १९०० सालीं तीन निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनीं तो पुन्हां उजेडांत आणला. ८ मे १९०० रोजीं बेटसन व्याख्यान देण्याकरितां आगगाडीनें लंडनला जात असतां गाडींतच त्यांनीं मेंडेल यांचा निबंध वाचला व तेथेंच व्याख्यान बदललें, अशी आख्यायिका त्यांच्या पत्नीनें लिहून ठेविली आहे. इतिहासकारांनीं पुढें तिच्या तपशिलाबद्दल शंका काढल्या. पण एवढें खरें कीं, आदल्याच वर्षीं, १८९९ मध्यें, संकर करून प्रत्येक पिढीची मोजदाद ठेवली पाहिजे असें बेटसन यांनीं जाहीर रीतीनें सांगितलें होतें. ज्याचें दार ते ठोठावीत होते तें घर पस्तीस वर्षांपूर्वींच एका मठवासियानें बांधून ठेविलें होतें.

आतां प्रश्न असा होता कीं, वाटाण्याचा नियम जिवंत, हिंडत्याफिरत्या प्राण्यांस लागू पडतो काय? बेटसन यांच्याजवळ उत्तर खुराड्यांत तयारच होतें. लेगहॉर्न, डॉर्किंग, वायंडॉट, आणि ज्यास इंग्लंडांत इंडियन गेम म्हणत अशा जातींचे त्यांनीं संकर केले होते. हें शेवटचें नांव वाचून आपल्या वाचकांस कुतूहल वाटेल. ही जात कॉर्नवॉलमध्यें तयार झाली, पण तिच्या रक्तांत आपल्याकडील झुंजीचा असील कोंबडा आहे, आणि तिचा ठेंगणा, तीन ओळींचा तुरा हा त्या असीलाचाच वारसा. कुमारी सॉण्डर्स यांच्यासह बेटसन यांनीं लिहिलेला अहवाल १९०१ च्या डिसेंबरांत रॉयल सोसायटीस सादर झाला व १९०२ मध्यें छापला गेला. प्राण्यांतही मेंडेलचा नियम चालतो हें दाखविणाऱ्या अगदीं पहिल्या लेखांत त्याची गणना होते.

तुऱ्याचा प्रयोग तर गंमतीचा आहे. साधा, करवतीसारखा उभा तुरा सर्वांच्या परिचयाचा. दुसरा पसरट, खरबरीत, मागें टोंक असलेला. त्यास गुलाबतुरा म्हणूं. तिसरा असीलाचा, त्यास वाटाणातुरा म्हणतात. गुलाबतुरा व साधा तुरा यांचा संकर केला तर पिलें गुलाबतुऱ्याचीं. वाटाणातुरा व साधा यांचा केला तर पिलें वाटाणातुऱ्याचीं. मग गुलाबतुरा व वाटाणातुरा यांची गांठ घातली तर कोण जिंकावें? कोणीच जिंकलें नाहीं. सर्व पिलांस एक नवाच, अक्रोडाच्या कवचासारखा सुरकुतलेला तुरा आला. या अक्रोडतुऱ्याच्या भावंडांची पुढची पैदास मोजली तेव्हां सोळांपैकीं सुमारें नऊ अक्रोडतुऱ्याचीं, तीन गुलाबतुऱ्याचीं, तीन वाटाणातुऱ्याचीं, आणि एक साध्या तुऱ्याचें, असें प्रमाण निघालें. आजाआजीपैकीं कोणालाच साधा तुरा नव्हता, तरी नातवंडांत तो उमटला! म्हणजे दोन स्वतंत्र घटक एकत्र आले कीं तिसरेंच रूप दिसतें, आणि दोन्ही गैरहजर असले कीं मूळचें रूप उघडें पडतें. अंड्यांतच मेलेल्या पिलांचाही तुरा ओळखतां येत असे, म्हणून न फुटलेलीं अंडीं फोडून तींही हिशेबांत घेतलीं जात. एक पिलूं चुकलें तरी हिशेब बिघडतो, अशी त्यांची शिस्त.

अँडालुशियन नांवाच्या निळसर कोंबड्यांची गोष्टही अशीच. शौकीन लोक या निळ्या पिसांवर भाळलेले. पण निळ्याशीं निळी जुळविली तरी कांहीं पिलें काळीं व कांहीं मळकट पांढरीं, काळे शिंतोडे असलेलीं निघत. रक्त अशुद्ध आहे असें समजून पाळणारे तीं पिलें पिढ्यान्पिढ्या टाकून देत. बेटसन व त्यांचे तरुण सहकारी रेजिनाल्ड पनेट यांनीं हिशेब केला. चारांत एक काळें, दोन निळीं, एक शिंतोड्याचें. शुद्ध असलेलीं हीं टाकाऊ पिलेंच होत! निळा रंग हा एक काळ्याचा व एक पांढऱ्याचा घटक जवळ असल्याचें चिन्ह; त्यामुळें निळ्यापासून केवळ निळीं पिलें कधींच मिळणार नाहींत. उलट ज्यास सगळीं निळीं हवीं असतील त्यानें टाकून दिलेला काळा व टाकून दिलेली पांढरी यांचीच जोडी जमवावी. कोंबडी पाळणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचा वैताग असा दोन वाक्यांत मिटला.

पांढरा रंग तरी एकच आहे काय? डोळ्यांस तसें दिसतें. खुराड्याची वही निराळें सांगते. पांढऱ्या लेगहॉर्नचा रंगीत कोंबडीशीं संकर केला तर पिलें पांढरीं, क्वचित एखादा ठिपका. पांढऱ्या सिल्की जातीचा केला तर तिचा पांढरेपणा झांकला जाऊन पिलें रंगीत. सारखें दिसणारे दोन गुण वंशाच्या दृष्टीनें अगदीं परके असूं शकतात.

या सिल्कीचें वर्णन केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ही पूर्व आशियांतील कोंबडी. तेराव्या शतकांत चीनमध्यें फिरलेल्या मार्को पोलोनें मांजरासारखी लव असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे, तो हिच्याच नातेवाइकांचा असावा. साध्या पिसाच्या तंतूंस बारीक आंकडे असतात व त्यांनीं तें पान एकसंध राहतें. सिल्कीच्या पिसांत हे आंकडे जुळत नाहींत, म्हणून पिसें पिंजलेल्या रेशमासारखीं दिसतात. संकर केला तर हा गुण लपतो व नातवंडांत चारांत एकास परत येतो. येथवर सर्व सरळ आहे. पण सिल्कीची कातडी आणि हाडांवरील आवरणसुद्धां काळें असतें, आणि या काळेपणानें बेटसन व पनेट यांस अनेक वर्षें चकविलें. सिल्की कोंबडी व तपकिरी लेगहॉर्न कोंबडा यांचीं सर्व पिलें उजळ कातडीचीं होत. जोडी उलटी केली, कोंबडा सिल्की व कोंबडी लेगहॉर्न घेतली, तर मुलगे उजळ आणि मुली काळ्या! १९११ मध्यें त्यांनीं याचा उलगडा प्रसिद्ध केला. काळेपणा दाबून ठेवणारा एक घटक लेगहॉर्नच्या रक्तांत आहे. बाप तो मुलगे व मुली दोघांस देतो, पण आई तो फक्त मुलग्यांस देऊं शकते. पक्ष्यांत नरमादीचा भेद कसा ठरतो याचें एक सूत्रच अशा प्रयोगांतून हातीं आलें.

हें सर्व शांतपणें झालें असें मात्र समजूं नये. वेल्डन हे बेटसन यांचे कॉलेजांतील जुने मित्र, वडीलबंधूसारखे. प्राण्यांतील भेद मोजमापानें अभ्यासावे अशा मताचे ते होते, व मेंडेलचा सिद्धांत त्यांस मान्य नव्हता. बेटसन यांनीं १९०२ मध्यें मेंडेलच्या बाजूनें एक झणझणीत पुस्तक लिहिलें, आणि १९०४ मध्यें केंब्रिज येथील ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत दोघांचा उघड सामना झाला. बेटसन यांची लेखणी अशा वेळीं जरुरीपेक्षां धारदार होई, असें आमचें मत आहे. १९०६ मध्यें वेल्डन अवघ्या ४६ व्या वर्षीं एकाएकीं वारले. आपल्या बुद्धीस पहिली जाग या मित्रानेंच आणली होती, हें बेटसन यांनीं त्या प्रसंगीं पत्नीजवळ कबूल केलें. पण समेट व्हावयाचा राहिला तो राहिलाच.

त्यांच्या हाताखालीं काम करणाऱ्यांत स्त्रियाच अधिक होत्या. न्यूनहॅम कॉलेजच्या एडिथ सॉण्डर्स, म्यूरिएल व्हेल्डेल, बेटसनबाईंची बहीण फ्लॉरेन्स डरहॅम, अशा कितीतरी. नव्या शास्त्राला विद्वानांच्या दरबारीं मान नव्हता आणि या विदुषींनाही नव्हता. तेव्हां दोघांची गांठ पडली. केंब्रिजनें स्त्रियांस पदव्या द्याव्या म्हणून १८९७ मध्यें जो वाद झाला त्यांत बेटसन स्त्रियांच्या बाजूनें होते. तो ठराव फेंटाळला गेला, व केंब्रिजची पूर्ण पदवी स्त्रियांस मिळावयास १९४८ साल उजाडावें लागलें.

नव्या विद्येस नांव हवें होतें. १९०५ मधील एका पत्रांत बेटसन यांनीं जन्म या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ‘जेनेटिक्स’ हा शब्द सुचविला, व १९०६ मध्यें लंडनच्या परिषदेंत तो जाहीरपणें वापरला. १९०८ मध्यें त्यांस केंब्रिज येथें प्रोफेसर नेमण्यांत आलें आणि भोजनगृहाचा कारभार सुटला. १९१० मध्यें लंडनजवळ मर्टन येथील जॉन इन्स संस्थेचे ते पहिले संचालक झाले. त्याच वर्षीं पनेट यांच्यासह त्यांनीं ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हें नियतकालिक सुरू केलें.

उत्तरायुष्यांत त्यांच्या हातून एक गोष्ट निसटली. गोड वाटाण्यांत कांहीं गुण नेहमीं जोडीनेंच चालतात हें त्यांनीं, सॉण्डर्स व पनेट यांनीं प्रथम पाहिलें. पण त्याचें कारण अमेरिकेच्या मॉर्गन यांनीं सांगितलें. हे घटक पेशींतील रंगसूत्रांवर मण्यांसारखे ओंवलेले असतात. बेटसन यांस ही कल्पना फार ढोबळ वाटे, व दहा वर्षें त्यांनीं ती मानली नाहीं. १९२१ मध्यें साठी उलटल्यावर ते मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेंत गेले, सूक्ष्मदर्शकांतून स्वतः पाहिलें, आणि टोरोंटो येथील भाषणांत बराचसा विरोध मागें घेतला. पुरता घेतला नाहीं.

घरांतही दुःख आलें. थोरला मुलगा जॉन १९१८ च्या ऑक्टोबरांत, महायुद्ध संपावयास चारच आठवडे उरले असतां, रणांगणीं पडला. मधला मार्टिन १९२२ मध्यें जॉनच्याच जन्मदिवशीं अकालीं गेला. मेंडेलच्या नांवावरून ज्याचें नांव ग्रेगरी ठेविलें होतें तो धाकटा तेवढा मागें राहिला, व पुढें मानवशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आला. त्याच १९२२ सालीं बेटसन यांनीं सरदारकीची पदवी नाकारली. ८ फेब्रुवारी १९२६ रोजीं मर्टन येथें त्यांचें देहावसान झालें. दोन वर्षांनीं बिॲट्रिसबाईंनीं त्यांचें चरित्र व भाषणें मिळून एक ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांच्या वहींतील कोंबड्या मात्र अद्याप संशोधकांच्या टेबलावर आहेत. वाटाणातुऱ्याचें कारण २००९ मध्यें, गुलाबतुऱ्याचें व उलट्या पिसांचें २०१२ मध्यें, आणि सिल्कीच्या रेशमी पिसांचें २०१४ मध्यें सांपडलें. सिल्कीच्या काळ्या हाडांमागें एका रंगसूत्राचा जो तुकडा दुप्पट होऊन उलटसुलट बसला आहे, तोच झाबुआच्या कडकनाथांतही आहे. म्हणजे या दूरदूरच्या काळ्या कोंबड्यांचा तो गुण एकाच पूर्वजाकडून आलेला. बेटसन यांचें नियतकालिक १९५७ मध्यें प्रोफेसर हॉल्डेन यांच्याबरोबर हिंदुस्थानांत आलें, आणि आज तें बंगळूर येथील इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसतर्फे निघतें. कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग पांढऱ्या कातडीपुढें लपतो, हें बेटसन यांनीं १९०२ च्या अहवालांतच नोंदविलें होतें. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा; पण त्याची कातडी पिवळी नाहीं, मग हा रंग आला कोठून, हें कोडें २००८ मध्यें स्वीडनच्या संशोधकांच्या पुढाकारानें सुटलें. तो घटक सह्याद्रीच्या व दक्षिणेच्या रानांत आजही आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबड्यांत आलेला आहे.